पनामाच्या नव्या लॉकमध्ये टगबोटी का? : पार्श्वभूमी

पनामा कालव्यातली वाहतूक कॅमेऱ्यावर थेट पाहायला पुण्यातली रात्रीची वेळ सोयीची. इथे आठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ झालेले असतात आणि जहाजांची ये-जा जोरात असते. लॉक म्हणजे दरवाजे असलेला पाण्याचा कप्पा, त्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करतात. मिराफ्लोरेसच्या जुन्या लॉकमध्ये आधी वल्हवायच्या होडीतून दोन माणसे जहाजाला दोर नेऊन देतात. मग दोन्ही भिंतींवर रुळांवरून चालणारी विजेची इंजिने पोलादी दोरांनी जहाज मधोमध ताणून धरतात. कोकोली किंवा अगुआ क्लाराच्या नव्या लॉकमध्ये यातले काहीच दिसत नाही. तिथे ३६६ मीटर लांबीचे कंटेनर जहाज पुढे एक आणि मागे एक टगबोट, म्हणजे जहाजे ओढणारी-ढकलणारी छोटी दमदार बोट, बांधून थेट कप्प्यात शिरते. हा बदल कसा झाला आणि त्यावरून एवढा वाद का पेटला, त्याची ही हकिकत.

जुना इतिहास थोडक्यात. फ्रेंचांनी १८८१ मध्ये समुद्रसपाटीचा कालवा खणायला घेतला आणि वीस हजारांहून जास्त माणसे गमावून १८८९ मध्ये काम सोडले. अमेरिकी काळातही १९०५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञांनी आठ विरुद्ध पाच मतांनी सपाट कालव्याचीच शिफारस केली होती. सिनेटने ती बाजूला सारून ३६ विरुद्ध ३१ मतांनी लॉक मंजूर केले. शाग्रेस नदी अडवून समुद्रापेक्षा २६ मीटर उंच असे गातून सरोवर तयार झाले आणि १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा खुला झाला. त्याच वर्षी मुंबईत अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, सुरू झाली. तिचेही प्रवेशद्वार लॉकचेच आहे, साडेतीस मीटर रुंदीचे. मोठे लॉक म्हणजे काय हे पाहायला मराठी माणसाला पनामापर्यंत जायला नको होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

पनामाचे जुने कप्पे ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब. पुढची जवळजवळ शंभर वर्षे जगातली अनेक जहाजे या मापाला धरून, ३२.३ मीटर रुंद बांधली गेली. अशा जहाजाला दोन्ही बाजूंना जेमतेम साठ सेंटिमीटर मोकळे राहतात. एवढ्या फटीत जहाज सरळ ठेवायचे तर भिंतीवरून ओढणारी इंजिनेच हवीत. अमेरिकेने १९३९ मध्ये याहून मोठ्या लॉकचे काम हाती घेतले, पण १९४२ मध्ये युद्धामुळे ते थांबले. कालवा ३१ डिसेंबर १९९९ ला पनामाच्या ताब्यात आला. ऑक्टोबर २००६ च्या सार्वमतात विस्ताराला सुमारे ७७ टक्के मते मिळाली, मात्र मतदानाला निम्मेही मतदार आले नव्हते. अंदाजित खर्च सव्वापाच अब्ज डॉलर होता.

टगबोटींचा निर्णय याच आराखड्यात झाला. नवा कप्पा ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद आणि १८.३ मीटर खोल. ४९ मीटर रुंदीचे जहाज आत आले की दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर उरतात. एवढ्या मोठ्या जहाजांना आवरायचे तर इंजिने कितीतरी जड लागली असती, ती पेलायला भिंतीही तशाच बांधाव्या लागल्या असत्या आणि खर्च फुगला असता. शिवाय बेल्जियममध्ये अँटवर्पला १९८९ पासून बेरेंड्रेख्त हे ६८ मीटर रुंदीचे लॉक टगबोटींवर चालत होते. तिथे चालते तर इथे का नाही, असा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता.

पण आकडेमोड करून पाहा. ३६६ मीटरचे जहाज आणि तीस मीटरच्या आसपासच्या दोन टगबोटी यांची बेरीज ४२७ च्या अगदी जवळ जाते. अँटवर्पचे लॉक पाचशे मीटर लांब आहे. म्हणजे दाखला मोठ्या कप्प्याचा दिला आणि बांधला आखूड कप्पा. पुढची टगबोट बंद दरवाजा आणि जहाज यांच्यामध्ये अडकते, तिला वळून निसटायला जागा नसते. जहाजाने वेग आवरला नाही, तर सर्वांत आधी चिरडला जाईल तो तिच्यावरचा कर्मचारी. टगचे कप्तान आणि जहाजांना कालव्यातून वाट दाखवणारे पायलट हेच सांगत होते. २०१६ मध्ये, उद्घाटनाच्या आधी, वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने करवून घेतलेल्या अभ्यासातही कप्पे अपुरे असल्याचा निष्कर्ष निघाला. कालव्याच्या प्रशासनाने तो फेटाळला. माझ्या मते इथे खरी चूक टगबोटी निवडण्यात नव्हती. ज्यांना त्या चालवायच्या होत्या, त्यांचे म्हणणे माप ठरवताना ऐकले गेले नाही, ही चूक होती. काँक्रीट ओतल्यावर ते ऐकून उपयोग नसतो.

प्रशिक्षणासाठी पनामात १:२५ प्रमाणातली छोटी जहाजे आणि तळी तयार करण्यात आली. खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्रात बंदरांच्या आणि नद्यांच्या प्रतिकृती पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. शिवाय सरावासाठी एक मोठे मालवाहू जहाज भाड्याने घेतले. ते शेवटच्या काही आठवड्यांत आले, ही तक्रार मात्र राहिली. २६ जून २०१६ ला नवे लॉक सुरू झाले, ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा. महिन्याच्या आतच एका चिनी कंटेनर जहाजाची बाजू लॉकच्या भिंतीला घासून फाटली.

त्यानंतर मोठा अनर्थ घडला नाही, हेही नोंदवायला हवे. टगचालकांचा हात बसला. २०१८ मध्ये रुंदीची मर्यादा ५१.२५ मीटर झाली, म्हणजे बाजूची फट दोन मीटरच्याही खाली आली. २०२१ मध्ये लांबीची मर्यादा ३७० मीटरवर गेली. प्रशासन याला आपल्या निर्णयाचा पुरावा मानते. मला यात त्या कप्तानांचे कसब दिसते. मूळ हिशेब बरोबर होता, एवढे त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरा फरक पडद्यावर बाजूला दिसतो : प्रत्येक नव्या कप्प्यालगत पायऱ्यांसारखे तीन उथळ हौद. कप्पा रिकामा होताना पाणी त्यांत साठते आणि पुढच्या खेपेला साठ टक्के पाणी पुन्हा वापरता येते. पंप कुठेच नाही, सगळे उतारावर चालते. जुन्या लॉकमधून एक जहाज कालवा ओलांडते तेव्हा सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. मात्र हौदांतून परतणाऱ्या पाण्याबरोबर खारेपणाही वर चढतो, आणि पनामा सिटीचे पिण्याचे पाणी याच पाणलोटातून येते.

२०२३ च्या दुष्काळात हे सगळे एकदम अंगावर आले. एरवी दिवसाला सुमारे ३६ जहाजे जायची, ती संख्या चोवीसवर आणावी लागली. एका कंपनीने रांग चुकवायला लिलावात जवळजवळ चाळीस लाख डॉलर मोजले. चाकणहून न्हावाशेव्याला जाणाऱ्या मालाला याची झळ थेट लागली नाही. आपला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा माल सुएझने किंवा आफ्रिकेला वळसा घालून जातो.

आता इंदिओ नदीवर धरण बांधून गातूनला पाणी आणायची योजना आहे. २०२४ च्या जुलैत तिथल्या न्यायालयाच्या निकालाने कालव्याचे पाणलोट क्षेत्र पुन्हा विस्तारले आणि योजनेची कायदेशीर अडचण दूर झाली. बुडीत क्षेत्रात सुमारे दोन हजार माणसे राहतात आणि त्यांच्यातल्या अनेकांचा धरणाला विरोध आहे.