बारा व्होल्टच्या बोर्डाला कोणता फ्यूज?

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण आग लागू शकते. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी शॉर्ट झाली की शंभराहून जास्त अँपिअर सहज ओतते. सर्किट बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक, म्हणजे करंट वाहून नेणारी पट्टी, सहसा जेमतेम 35 मायक्रॉन जाडीचा असतो. फ्यूज लावायचा तो या ट्रॅकसाठी आणि बॅटरीपासून येणाऱ्या वायरसाठी. फ्यूजमुळे बोर्डावरची आयसी (चिप) वाचेल ही आशा धरू नये. फ्यूजची तार वितळेपर्यंत आयसी बहुधा गेलेली असते.

समजा, बोर्ड एरवी 600 मिलिअँपिअर घेतो. अमेरिकी यूएल मानकाच्या फ्यूजवर सततचा करंट रेटिंगच्या 75 टक्क्यांपर्यंतच ठेवतात, म्हणजे किमान 800 मिलिअँपिअरचा फ्यूज हवा. आंतरराष्ट्रीय आयईसी मानकाचा फ्यूज पूर्ण रेटिंगवर चालवता येतो. बोर्ड बंद डब्यात तापणार असेल तर फ्यूजचे रेटिंग आणखी थोडे वाढवावे. आपण 1 अँपिअर धरू.

खरी मेख पुढे आहे. बोर्डाच्या तोंडाशी 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर स्विच दाबताक्षणी तो शॉर्टसारखाच वागतो. वाटेतला रोध 0.2 ओहम असला तर पहिला झटका 60 अँपिअरचा! तो मिलिसेकंदभरात ओसरतो, पण तेवढ्यात फ्यूजची तार तापतेच. हे तापणे करंटचा वर्ग गुणिले वेळ या हिशेबाने मोजतात. इथे ते 0.36 (अँपिअर वर्ग-सेकंद) भरते. रोजच्या झटक्यांनी तार हळूहळू थकते. म्हणून एक लाख झटके सोसायचे असतील तर प्रत्येक झटक्याचा हा हिशेब फ्यूजची तार वितळवणाऱ्या आकड्याच्या 22 टक्क्यांच्या आत ठेवावा, असे उत्पादक सुचवतात. म्हणजे फ्यूजच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) हा वितळण्याचा आकडा 1.6 च्या वर हवा. 1 अँपिअरच्या बऱ्याच फास्ट (चटकन उडणाऱ्या) फ्यूजना हे जमत नाही, तिथे छोटे झटके सोसणारा स्लो-ब्लो घ्यावा. हा हिशेब न केल्यामुळे फ्यूज उगाच उडत राहतो, मग कोणीतरी 5 अँपिअरचा बसवतो आणि संरक्षणच संपते.

फ्यूजवर 250 व्होल्ट लिहिले आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा एसीचा असतो. एसी दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो, त्यामुळे तुटलेल्या तारेतली ठिणगी विझते. डीसीत ही सोय नाही. शिवाय लहान काचेच्या फ्यूजची तोडण्याची क्षमता, म्हणजे तो सुरक्षितपणे थांबवू शकेल असा सर्वांत मोठा करंट, अनेकदा 35 अँपिअरच असते. म्हणून बोर्डाच्या फ्यूजखेरीज बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी लागून, वायरच्या जाडीला साजेसा, गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज लावावा. तो डीसीसाठीच बनवलेला असतो.

काचेचा फ्यूज उडाला तर बदलण्याआधी उजेडात धरून बघा. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल, तर थोडा जास्त करंट बराच वेळ वाहिला आहे किंवा तार थकली आहे. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर तार क्षणात वाफ होऊन गेली आहे. अशा वेळी नवा फ्यूज घालण्याआधी बॅटरी काढा आणि मल्टिमीटरने शॉर्ट शोधा.