गोळी ‘मेली’ नाही, रांजण लहान झाला
परभणी-नांदेडकडं कंपवाताच्या (पार्किन्सन) रुग्णाच्या घरी हमखास ऐकू येतं: ‘लेवोडोपा पाच वर्षांत मरते, म्हणून दुसरी गोळी लावली.’ साफ चूक. लेवोडोपा ही कंपवाताची मुख्य गोळी; मेंदूत तिचं डोपामिन होतं, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन. रक्तातली लेवोडोपा साधारण दीड तासात निम्मी होते, पहिल्या दिवसापासूनच. आधी मेंदूतल्या पेशी डोपामिन साठवून वेळ निभावून नेत. त्या पेशी घटल्या की पुढच्या गोळीआधीच हातपाय जखडतात. टँकर तेवढाच येतो, घरचा रांजण लहान झालाय. लेवोडोपाच्या जोडीला देतात त्या गोळ्यांपैकी एन्टाकॅपोन रक्तातली लेवोडोपा टिकवते, रासाजिलिन मेंदूतलं डोपामिन. एन्टाकॅपोन एकटी घेऊन उपयोग शून्य, ती लेवोडोपासोबतच घ्यायची. तिनं लघवी तांबूस होते. त्यात अपाय नाही, पण लोक घाबरून गोळ्याच बंद करतात! अंग आपोआप वळवळायला लागलं, तर मात्र डॉक्टरांना सांगा; बहुधा लेवोडोपाचा डोस कमी करतात.