फिलिपिन्स आणि टायफून: योलांडाच्या आधी काय काय होऊन गेलं होतं

फिलिपिन्समध्ये मोठं टायफून, म्हणजे तिकडचं जोरदार चक्रीवादळ, आलं की आपल्याकडे दोन दिवस बातम्या चालतात, मेलेल्यांचा आकडा वाढत जातो आणि मग विषय मागे पडतो. पण तिथे दरवेळी एवढी माणसं का जातात हे नुसत्या वाऱ्याच्या स्पीडवरून कळत नाही, त्यासाठी थोडं मागे जायला लागतं.

आधी नकाशा बघा. साडेसात हजारांवर बेटं, पूर्वेला सगळा उघडा पॅसिफिक आणि तिथलं पाणी जवळजवळ वर्षभर गरम, त्यामुळे दरवर्षी सरासरी २० चक्रीवादळं त्यांच्या हद्दीत येतात आणि त्यातली आठ-नऊ थेट जमिनीवर चढतात. पहिला मार बसतो तो पूर्वेकडच्या सामार, लेटे, बिकोल या भागांना. तिथे वादळाला बाग्यो म्हणतात, आणि नावंही ते स्वतःची ठेवतात, म्हणजे नोव्हेंबर २०१३ च्या ज्या टायफूनला जगाने हैयान म्हटलं ते तिथल्या लोकांसाठी योलांडा. फार माणसं घेऊन गेलेल्या वादळाचं नाव यादीतून कायमचं काढतात, त्यामुळे योलांडा हे नाव आता परत कुठल्या वादळाला मिळणार नाही.

इशारा द्यायची सोयच नव्हती असं मात्र अजिबात नाही. मनिलामधली वेधशाळा जेझुइट पाद्र्यांनी १८६५ मध्ये सुरू केली, आणि ७ जुलै १८७९ ला फादर फेदेरिको फाउरा यांनी टायफून येतंय असं आधी सांगून दाखवलं. सॅटेलाइट नाही, रडार नाही, हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आणि आकाशाचं निरीक्षण एवढ्यावर. पुढे त्यांनी टायफून ओळखता यावं म्हणून खास बॅरोमीटर पण तयार केला. म्हणजे योलांडाच्या वेळी या देशाला इशाऱ्यांचा सव्वाशे वर्षांहून जास्त अनुभव होता.

ऑक्टोबर १८९७ मध्ये सामार आणि लेटेवर एक भयंकर टायफून आलं. समुद्र किनाऱ्यावरच्या गावांमध्ये घुसला, हजाराच्या वर माणसं गेली. फाउरांच्या नंतर वेधशाळा सांभाळणाऱ्या फादर होसे अल्गुए यांनी त्यावर अख्खा रिपोर्ट लिहून ठेवला. हे लक्षात ठेवा, कारण २०१३ ला समुद्र घुसला तो याच किनाऱ्यावर.

पावसाचं वेगळंच. जुलै १९११ मध्ये बाग्यिओ या डोंगरातल्या शहरात एका टायफूनच्या वेळी २४ तासांत ११६८ मिमी पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता आणि मुंबईचं काय झालं ते आपण बघितलंय.

५ नोव्हेंबर १९९१ चं ऑर्मोक तर वाचताना सुन्न व्हायला होतं. लेटे बेटावरचं हे शहर, आणि आलेलं वादळ धड टायफून पण नव्हतं, वारा तसा कमीच. पण वरच्या डोंगरावरचं जंगल कधीच गेलेलं, तिथे ऊस आणि नारळ, धरून ठेवायला काही नाही, मग पाणी, माती, ओंडके सगळं एकदम खाली आलं. नदीच्या पात्रातच इस्ला व्हेर्दे नावाची गरिबांची वस्ती होती, ती जवळजवळ पुसली गेली. भर दिवसा, थोड्या वेळात, सुमारे ५००० माणसं. नंतर जपानच्या मदतीने वरच्या बाजूला गाळ आणि ओंडके अडवणारे बंधारे बांधले, पण ते नंतर. डिसेंबर २०११ मध्ये सेंदोंग नावाच्या वादळाने दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावर तेच केलं, रात्री लोक झोपेत असताना, आणि तिकडे वादळं फारशी येत नाहीत म्हणून सगळे बेसावध. हजाराच्या वर गेले.

आणि मग योलांडा. ७ नोव्हेंबर २०१३ च्या संध्याकाळी खुद्द राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर येऊन सांगत होते की धोका गंभीर आहे, स्टॉर्म सर्ज येणार आहे. आता स्टॉर्म सर्ज म्हणजे काय? वारा समुद्राचं पाणी ढकलत आणतो आणि ते भिंतीसारखं जमिनीवर चढतं, पण लेटेवरच्या टॅक्लोबान शहरातल्या कितीतरी लोकांनी हा शब्दच कधी ऐकला नव्हता. जोराचा वारा, जोराचा पाऊस, नेहमीचंच, असं समजून लोक घर सांभाळायला थांबले. सुनामी म्हणाला असतात तर पळालो असतो, असं वाचलेले लोक नंतर सांगत राहिले. आपल्याकडे कोकणात उधाण म्हटलं की पोराटोरालाही कळतं. तिथे इशारा परक्या शब्दात गेला, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

८ तारखेला पहाटे वादळ सामारच्या ग्विआनला जमिनीवर आलं. टॅक्लोबानसमोरची सान पेद्रोची खाडी उथळ, सामार आणि लेटेच्या मधे नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी, त्यात पाणी कोंबलं गेलं आणि पाच-सहा मीटर उंच होऊन शहरात शिरलं. ज्या इमारतींमध्ये लोकांना सुरक्षित म्हणून हलवलं होतं त्यातल्या काहींत पण पाणी घुसलं. मोठमोठी जहाजं वस्तीवर येऊन बसली, त्यातल्या एकाचा पुढचा भाग टॅक्लोबानच्या अनिबोंग भागात स्मारक म्हणून तसाच ठेवलाय. सरकारी आकडा ६३०० मृत, हजारावर बेपत्ता.

शिवाय नारळ. सुमारे ३ कोटी ३० लाख झाडांचं नुकसान झालं, आणि नवीन लावलेलं झाड धरायला सहा-आठ वर्षं. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगरच्या ज्या वाड्या आडव्या झाल्या त्या मालकांना हे वेगळं समजवायला नको, घर वर्षभरात उभं राहतं, बाग नाही राहत.

आता त्याच दिवसाची दुसरी गोष्ट. सेबू प्रांतात तुलांग दियोत नावाचं इवलंसं बेट आहे, हजारेक लोकवस्ती. तिथल्या सान फ्रान्सिस्को गावाने कित्येक वर्षं पुरोक, म्हणजे आपल्या भाषेत वाडी, अशा पातळीवर लोक बांधले होते, कोणी कोणाला बोलवायचं, होडी कोणाची, कुठे जायचं, सगळं ठरलेलं. वादळाच्या आधीच अख्खं बेट रिकामं केलं. सगळी घरं गेली, साधारण पाचशे. माणूस एकही गेला नाही.