चार मिलिमीटरचं भोक

थंडीत भिगवणजवळच्या कुंभारगावातून सकाळी होड्या निघतात, तेव्हा एकाच होडीत दोन तऱ्हेची माणसं बसलेली असतात. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या मांडीवर ती लांबलचक लेन्स, जिला सगळे 'तोफ' म्हणतात. उजनीच्या उथळ पाण्यात साठेक मीटरवर रोहित पक्ष्यांचा थवा उभा असतो. दोघंही एकाच वेळी फोटो काढतात. मग मोबाइलवाला स्क्रीनवर दोन बोटं फाकवतो आणि त्याला गुलाबी ठिपके दिसतात. ठिपक्यांना पाय आहेत एवढं कळतं, पुढचं काही नाही.

चांगला फोटो कॅमेऱ्यामुळे येतो की नजरेमुळे, या विषयावर एरवी दोन ठरलेली मतं ऐकू येतात. ज्यांच्याकडे महागडं सामान आहे ते सांगतात, "कॅमेऱ्यात काही नसतं हो, नजर लागते." ज्यांच्याकडे नाही ते चांगला फोटो दिसला की आधी विचारतात, "कॅमेरा कुठला?" मला दोन्ही मतं आळशी वाटतात. कॅमेरा कुठे कमी पडणार आणि कुठे नाही, हे बहुतेक वेळा आधीच आकडेमोड करून सांगता येतं.

रोहितचंच घ्या. पक्षी साधारण सव्वा मीटर उंच, अंतर साठ मीटर. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यातून निघणाऱ्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत तो पक्षी नखापासून डोक्यापर्यंत जेमतेम ६० पिक्सेल उंच भरतो. तेच ६०० मिलिमीटरची लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (म्हणजे मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल, तर दोन हजार पिक्सेल. साठ ठिपक्यांत पिसं कुठून येणार? इथे नजर कितीही तयार असली तरी उपयोग नाही.

मग मोबाइलमध्ये २०० मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, घातला तर? कागदावर साठाचे अडीचशेच्या जवळपास होतात. पण आता प्रकाश स्वतःच आडवा येतो. प्रकाश ही लहर आहे, आणि लहर अरुंद भोकातून गेली की थोडी पसरते. त्यामुळे भिंगातून येणाऱ्या एका बिंदूची प्रतिमा कधीच बिंदू नसते, ती छोटी चकती असते. भोक जितकं लहान, तितकी जगातली दोन जवळची टिंबं एकमेकांत मिसळतात. हे भोक किती रुंद आहे ते काढणं सोपं आहे. लेन्सची खरी नाभीय लांबी (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर, लेन्सच्या नावातले मिलिमीटर ते हेच) भागिले लेन्सवर लिहिलेला तो 'एफ'पुढचा आकडा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी नाभीय लांबी असते सात मिलिमीटरच्या आसपास (जाहिरातीतला '२४ मिमी' हा फुल फ्रेमशी तुलनेचा आकडा असतो), आणि एफ १.८ धरला तर भोक भरतं चार मिलिमीटरचं. एवढ्या भोकातून साठ मीटरवरचं एक सेंटिमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसू शकत नाही. भिंग निर्दोष असलं तरीही. २०० मेगापिक्सेल या मर्यादेला जाऊन टेकतात. त्यापुढे ४०० केले तर फक्त फाइल फुगेल.

पाच पट झूमची वेगळी लेन्स असलेले फोनही फार पुढे जात नाहीत, कारण तिचं भोक साडेपाच मिलिमीटरच्या घरातलंच असतं. आता तोफेकडे या. ६०० मिलिमीटर, एफ ४, म्हणजे भोक १५० मिलिमीटर. तिची मर्यादा साठ मीटरवर पाव मिलिमीटर. पाण्यावरची हवा तापून हलायला लागली नसेल, तर पापण्यांची कड दिसते, चोचीवरची रेघ दिसते. तीन किलोच्या त्या लेन्सला दहा लाखांवर पैसे मोजले जातात ते या काचेच्या रुंदीसाठी.

मेगापिक्सेलचं वेड किती पोकळ आहे याचं माझं आवडतं उदाहरण पृथ्वीच्या फार पलीकडचं आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर १ यानाने सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचा फोटो काढला. त्या कॅमेऱ्याचं चित्र होतं ८०० गुणिले ८००, म्हणजे ०.६४ मेगापिक्सेल. आज असा कॅमेरा मुलांच्या खेळण्यात घातला तरी लोक नावं ठेवतील. पण लेन्स होती १५०० मिलिमीटर, एफ ८.५. भागाकार करून बघा, भोक १७६ मिलिमीटर येतं. पृथ्वीने त्यात एक अख्खा पिक्सेलही भरला नाही. आणि कॅमेरा घराकडे वळवावा हे सुचलं होतं खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना, यानाला नव्हे. त्या फोटोत साधन किती आणि माणूस किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पिक्सेल पुरेसे किती, याला सरळ उत्तर आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. पंधरा मीटरवरून पाहताना हे अंतर भरतं साडेचार मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे चौकातला २० बाय १० फुटांचा फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला १४०० गुणिले ७०० पिक्सेल पुरतात. एक मेगापिक्सेल! तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा लोण्यासारखा का दिसतो? कारण तो ग्रुप फोटोतून कापलेला असतो, व्हॉट्सअॅपवर तीन-चार हात फिरून दाबला गेलेला असतो आणि मग चार फूट रुंद ताणलेला असतो. याला कॅमेरा काय करणार?

इथवर गोष्ट लांब अंतराची झाली. घरातल्या, लग्नातल्या फोटोंमध्ये शत्रू वेगळा असतो, अंधार.

प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण ठरलेल्या अंतराने येत नाहीत. वळवाच्या पावसाचे पहिले थेंब शहाबादी फरशीवर पडतात तेव्हा एका फरशीवर दोन, शेजारच्या फरशीवर सहा असे पडतात. अर्ध्या तासाच्या सरीनंतर सगळ्या सारख्याच भिजलेल्या असतात. सेन्सरच्या पिक्सेलवरही हेच होतं. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण येत असतील तर त्यात दहाएकांची घटबढ होते, म्हणजे १० टक्के. १०,००० येत असतील तर घटबढ शंभरेक, म्हणजे १ टक्का. वर्गमुळाचा हा नियम कुठल्याच कंपनीला चुकवता येत नाही. अंधारातल्या फोटोत जो रवाळपणा दिसतो, ज्याला सगळे नॉइज म्हणतात, तो बराचसा सेन्सरचा दोषच नसतो. प्रकाशच कमी आलेला असतो.

म्हणून सेन्सर मोठा हवा. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. चांगल्या फोनमधला मोठा सेन्सर भरतो ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास. त्याच एफ आकड्याला फुल फ्रेमवर बारा पट प्रकाश पडतो. बारा पट ऐकायला भरपूर आहे, आणि फुल फ्रेमवाले हा आकडा फार प्रेमाने सांगतात. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. एका ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड असतो दीडशे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) घरात, बाहेर भर उन्हात एक लाख. डोळा स्वतःला इतक्या मुकाट जुळवून घेतो की हा सहाशे-सातशे पटींचा फरक आपल्या ध्यानातच येत नाही. दिवसा मोठ्या खिडकीजवळ दीड-दोन हजार लक्स सहज मिळतात. म्हणजे आजीला सोफ्यावरून उठवून खिडकीपाशी बसवलं की दहा-बारा पट प्रकाश मिळाला. फोनवरून फुल फ्रेमवर जाऊन जे मिळणार होतं, तेवढाच. वर खिडकीचा उजेड रुंद बाजूने येतो, त्यामुळे सुरकुत्यांवरची सावली मऊ पडते. ते कॅमेऱ्याची कुठलीही बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) देत नाही.

क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) घ्यावा की फुल फ्रेम, यावर लोक रात्र रात्र भांडतात. क्षेत्रफळातला फरक सव्वादोन-अडीच पट. पडदा सरकवला तरी तेवढं निघतं.

फोन बनवणाऱ्यांनी वर्गमुळाच्या नियमाला चुकवलं नाही, पण दुसऱ्या दाराने गाठलं. भोक लहान, सेन्सर लहान. मग वेळ जास्त घ्यायचा. नाइट मोडमध्ये फोन एक फोटो काढतच नाही. पाच, दहा, पंधरा चित्रं पटापट घेतो, हात हलल्यामुळे ती सरकली असतील तर एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. बारा चित्रं मिसळली की बारा पट कण जमले, हिशेब फुल फ्रेमशी बरोबरीत आला. रोषणाई केलेलं देऊळ, रात्रीचा घाट, दिवाळीतला आकाशकंदील अशा न हलणाऱ्या गोष्टींत आजचा फोन थक्क करतो ते याच्याच जोरावर.

हललं की संपलं. मॅटवरच्या कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेवरून पाय मागे खेचतो तो क्षण धरायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं जलद लागतं. एवढ्यात एका चित्रात येणारा प्रकाश मूठभरच, आणि बारा चित्रं घ्यावीत तर बारा वेगवेगळ्या जागी पाय. सरासरी कशाची काढणार? तिथे ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ लेन्सवालाच जिंकतो. त्याचं भोक २०० वर ७१ मिलिमीटरचं असतं आणि सगळा प्रकाश त्याला एकदाच घ्यायचा असतो. अंधारातलं किंवा पळणारं, यातलं एकच असेल तर जुगाड चालतो; दोन्ही एकत्र आली, किंवा रोहितसारखं दूरचं असलं, की खिशात हात घालावाच लागतो.

चेहऱ्यांचं थोडं वेगळं आहे. मागचं सगळं विरघळून जाणं हेही भोकाच्या रुंदीवरच ठरतं. ८५ मिलिमीटर एफ १.८ लेन्सचं भोक ४७ मिलिमीटरचं. फोनचा पोर्ट्रेट मोड ते गणिताने रंगवतो आणि कानामागच्या सुट्या केसांत किंवा गजऱ्याच्या कडेला पकडला जातो. पण सेल्फीत नाक मोठं दिसतं त्याचा दोष लेन्सला देऊ नका. नाक कानांपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर पुढे असतं. तीस सेंटिमीटरवरून फोटो काढला तर ते कानांच्या मानाने चाळीस टक्के मोठं उमटतं, दीड मीटरवरून आठ टक्के. चार पावलं मागे जा आणि मग झूम करा. यात एक रुपयाही खर्च नाही.

लेन्सच्या काचेबद्दल एकच गोष्ट सांगतो. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पंधरा भिंगांच्या झूम लेन्समध्ये अशी तीस पृष्ठं असतात, म्हणजे पलीकडे पोचणार ३० टक्केही नाही, आणि उरलेला आतल्या आत आपटत चित्रावर पांढरट साय धरणार. १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पारदर्शक पातळ थर चढवून हे परतणं कमी करायचं तंत्र काढलं. आजच्या झूम लेन्स शक्य झाल्या त्या अशा थरांमुळे. आणि एवढं सगळं करून आपण त्यावर भज्यांचं बोट फिरवतो. रात्री फोन दिव्याकडे धरा; दिव्यातून एक लांब तिरकी रेघ निघालेली दिसली तर ती तेलकट बोटाची खूण आहे. बोट ज्या दिशेने फिरलं त्याच्या काटकोनात ती रेघ पडते. सुती कापडाने पुसा, रेघ जाईल. मोठ्या लेन्सवाल्यांचा शत्रू पावसाळा. कोकणात आणि मुंबईत कपाटात ठेवलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते, आणि ती त्या थरालाच खाते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल एवढ्यावर ते टळतं.

पैसे घालायचेच असतील तर माझं मत सरळ आहे: बॉडी जुनी चालेल, लेन्स चांगली घ्या. पण लेन्समध्येही कुठे थांबायचं ते कळतं. ६०० मिलिमीटरला एफ ६.३ देणाऱ्या झूमचं भोक ९५ मिलिमीटर, एफ ४ वाल्या तोफेचं १५०. प्रकाश अडीच पट, किंमत मात्र त्याहून कितीतरी पट. पहाटेच्या अंधुक उजेडात रोज काम करणाऱ्याला ती किंमत परवडते. सुट्टीच्या दिवशी ऊन वर आल्यावर निघणाऱ्याने लेन्स भाड्याने आणावी.

आणि कधी कधी महाग सामानच घोळ घालतं. मंगल कार्यालयात नव्या मिररलेस कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत नवरा-नवरीवर आडवे काळपट पट्टे येतात, शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये येत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी तिच्याबरोबर सेकंदाला शंभर वेळा मंद होतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचतं. सगळ्या ओळी वाचायला सेकंदाचा तिसावा भाग लागत असेल तर तेवढ्यात दिवा तीनदा मंदावतो आणि तीन पट्टे उमटतात. शटर जितकं जलद, पट्टे तितके गडद. काकूंचा फोन शटर आपणहून १/१०० किंवा १/५० वर आणतो, प्रत्येक ओळीला दिव्याचे पुरे हेलकावे मिळतात आणि पट्टे जातात. कॅमेऱ्यातही तेवढंच करायचं, नाहीतर यांत्रिक शटर लावायचं. स्टेजवरचे रंगीत डिमर लावलेले एलईडी मात्र वेगळ्याच ठेक्यावर लुकलुकतात, तिथे शटरचं चाक एकेक खाच फिरवून बघावं लागतं.