रविवारचा मोगली डिस्नेचा नव्हे

सांगलीत गणपतीच्या देखाव्यात मोगली दिसला, की शेजारचा कुणीतरी हमखास सांगतो, ‘दूरदर्शनवरचा मोगली डिस्नेचा.’ नाही हो! डिस्नेचा चित्रपट १९६७चा, तो वेगळा. आपण पाहिली ती ५२ भागांची मालिका, जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९मध्ये काढलेली. घोळ होणारच म्हणा. मूळ पुस्तक, ‘द जंगल बुक’, इंग्रज लेखक किपलिंगचं, १८९४चं, पण गोष्ट आपल्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानातली. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची. त्यात शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, मग जपान कुणाला आठवणार? सोव्हिएत रशियानेही १९६७ ते १९७१ दरम्यान पाच भागांत मोगली रंगवला. त्यात बगीरा, म्हणजे मोगलीचा सोबती काळा बिबट्या, चक्क मादी आहे!