गाडी कुठे लावली होती बाप्पा?

मागच्या शनिवारी नागपुरात बर्डीच्या बाजारात अर्धा तास मी माझीच अ‍ॅक्टिव्हा शोधत फिरून राहिलो होतो, मे महिन्याचं ऊन, हातात आंब्याची पिशवी, आणि डोक्यात एकच, की ४७ व्या वर्षीच विसरणं सुरू झालं की काय?

नंतर शांत बसून आठवलं तर गाडी लावताना मी फोनवर होतो, साळ्याशी प्लॉटच्या भावावरून वाद चालू होता. म्हणजे जागा विसरलोच नव्हतो, ती डोक्यात शिरलीच नव्हती. लक्ष नसेल तर मेंदूत आठवण धड तयारच होत नाही, मग ती सापडणार कुठून? आणि हे माझ्या एकट्याचं नाही, २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २,२५० लोकांना आयफोनवरून अधूनमधून विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं.

पण सगळंच लक्षावर ढकलता येत नाही हेही खरं. ब्रिटनच्या सरकारी नोकरदारांवरच्या एका अभ्यासात ४५ ते ४९ वयाच्या लोकांची तर्कशक्ती १० वर्षांत ३.६ टक्के घसरलेली दिसली.

मग लक्ष सुधारायला लोक सांगतात ते माइंडफुलनेस, म्हणजे मन आत्ताच्या क्षणावर ठेवायचं ध्यान, काय करते? आपल्या दीक्षाभूमीच्या गावात आनापान नवीन नाही, नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, मन प्लॉटकडे पळालं की न चिडता परत आणायचं, आणि हे परत आणणं हाच खरा व्यायाम, मन न पळणं नाही. बौद्ध ध्यानातलंच हे घेऊन जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत ८ आठवड्यांचा कोर्स बनवला.

आता "स्मरणशक्ती वाढवा" म्हणून अ‍ॅप विकणाऱ्यांना न आवडणारी गोष्ट. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, ६५ ते ८४ वयाचे ५८५ लोक, कोणाला हा कोर्स, कोणाला व्यायाम, कोणाला दोन्ही, आणि दीड वर्षानंतरही स्मरणशक्तीत काही खास फरक नाही! चाळिशीतले लोक त्यात नव्हते म्हणा, पण तेवढ्यावर लगेच आशेचे इमले बांधू नये असं मला वाटते.

टेन्शन कमी व्हायला मात्र ध्यानाची मदत होते, आणि सततचं टेन्शन झोप खाते, झोप गेली की लक्षही जाते. डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं म्हणाल तर लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञ कमिशनने २०२४ मध्ये १४ टाळता येण्यासारखी कारणं मोजली, ती सगळी सांभाळली तर जवळपास ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात म्हणे. मधल्या वयातली त्यातली काही नावं म्हणजे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, आणि कमी ऐकू येणं, जे आपण "हं? काय म्हणला?" करत वर्षानुवर्षं ढकलत नेतो. ध्यान त्या यादीत नाही.

मी तरी सकाळी १० मिनिटं बसून राहिलो सध्या. गाडी लावली की फोन खिशात, एक श्वास, समोरच्या दुकानाची पाटी वाचायची, मगच लॉक. गाडी सापडते आता. बीपी मात्र दोन वर्षांत मोजलेलं नाही, बायको रोज आठवण देऊन राहिली.