नीट हुकली म्हणून बीएस्सी? जरा थांबा

‘बायोलॉजीत बीएस्सी म्हणजे नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, हुकलेल्यांचा थांबा. पुढे बीएड करा, नाहीतर बॅग घेऊन एमआर, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी व्हा.’ पुण्यातल्या घराघरांत हे ऐकू येतं. माझ्या मावशीचं तर हे पाठच आहे. (एमआरचं काम कमी दर्जाचं हेही त्यातलंच एक खूळ.)

मावशी राहते त्याच शहरात १९५२पासून विषाणूंवर काम करणारी, आज एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे, शहरातच आघारकर संशोधन संस्था आहे, हडपसरला लसींचा कारखाना आहे. तिथे एमबीबीएस नसलेली माणसं प्रयोगशाळा चालवतात, लशीची प्रत्येक बॅच तपासतात.

समजात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. नुसत्या बीएस्सीवर संशोधनाची दारं क्वचितच उघडतात. एमएस्सी बहुधा लागतेच. म्हणून खरी तयारी दुसऱ्या वर्षापासून हवी. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला तर तिसऱ्या वर्षातच बसता येतं, त्यात परिसंस्था आणि उत्क्रांतीचा वेगळा पेपरही आहे. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्यांना यूपीएससीची भारतीय वनसेवा खुली आहे, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काढून पाहा. पिपेट धरून कंटाळा आला, तर तेही तिसऱ्या वर्षाआधीच कळेल.